पौषातला रंग

मुलांनो,

परवा धाकट्याने आपल्या ग्रुपवर गाडीच्या चाकाचा फोटो टाकला. चाकाआडच्या लोखंडाला त्याने लाल रंग दिला होता आणि तो रंग सायीसारखा सुरकुतून गोळा झाला होता. खाली तुम्हा सगळ्यांचे हसरे चेहरे. मी फक्त एवढंच लिहिलं, "कॅलिपर गार असताना दुसरा हात दिलास का?" त्यावर थोरलीने विचारलं, "आजी, तुला कॅलिपर हा शब्द कसा माहीत?"

फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय ज्यांच्यामुळे मला हा शब्द माहीत झाला त्या बाईंना जाऊन या थंडीत वर्ष होईल, आणि शहाद्यात त्यांच्याविषयी लोक आता काहीच्या काही सांगू लागले आहेत. तुम्हाला खरं ते माहीत असावं.

आधी कॅलिपर. गाडीच्या पुढच्या चाकाआड एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. तो चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याला चिमटायची ताकद देतं ते नळीतून येणारं ब्रेकचं तेल. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि मी इंग्रजी. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, शहाद्यात कुणी जोरात बोललं तरी भांडण समजणारी. बाई तालुक्यातल्याच, कळसाडीच्या. घरची शेती, कपाशी आणि ऊस. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या म्हणत, "कोनी इचारंच नही. तू इचारशी?" विचारणारा पुन्हा तो विषय काढत नसे. वर्गात त्यांची मराठी पुस्तकासारखी स्वच्छ असे आणि फाटकाबाहेर पाय पडला की अहिराणी सुरू. मी मात्र त्यांच्यासाठी आत-बाहेर दोन्हीकडे 'मॅडम' होते. शेजारी राहून, एकमेकींच्या आजारपणात एकमेकींची भांडी घासूनही मी मॅडमच राहिले आणि त्या बाईच.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. बाईंनी जुनी जीप घेतली. चालवायला शिकल्या त्या घाटातच, म्हसावदच्या वर. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गाडी चढाडी देस कोनीबी. उतरनारा खरा." त्या हॉर्न जवळजवळ वाजवत नसत. हॉर्न वाजवणारा आपल्याला ब्रेक आहे हे विसरतो, असं त्यांचं मत. रोज सकाळी चहाच्या आधी अंगणात उभ्या गाडीत चढून बसायच्या आणि ब्रेकवर पाय दाबून डोळे मिटायच्या. नवा दूधवाला एकदा मला हळूच म्हणाला, "त्या बाई गाडीमा ध्यान करतस का?" मी हो म्हटलं. खरं तर पायाखाली ब्रेक हळूहळू खचतो का हे त्या अजमावत असत, पण सांगायला तेच सोपं होतं.

आणि दर पौषात त्या कॅलिपर रंगवायच्या. लाल किंवा पिवळा नव्हे, फिकट पांढरा. शोभेसाठी असेल असं मला आधी वाटलं, कारण बाकी सगळी जीप गंजाने खाल्लेली होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला वर्गातल्यासारखं समोर उभं केलं आणि पांढऱ्या लोखंडावर ब्रेकच्या तेलाचा एक थेंब सोडला. थोड्या वेळाने तिथला रंग फुगून सुरकुतला. "तेल रंग खातं, मॅडम. कुठे बारीकसं जरी गळत असेल, तर माझ्याआधी हा रंग सांगेल."

पण पौषातच का? कडाक्याची थंडी, सकाळी छपरावर दव, डब्यातला रंग वनस्पती तुपासारखा थिजलेला. कुणीही सांगेल की हे काम उन्हाळ्यात करावं. कारण साधं होतं. पौषात लग्नं नसतात. उरलेल्या सगळ्या मोसमात बाईंची जीप भाऊबंदांच्या लग्नांत अडकलेली असे. कुणाचा नवरदेव, कुणाचं वऱ्हाड, कुणाची पाठवणी. खानदेशात गाडी असलेल्या माणसाने लग्नाला नाही म्हणायचं नसतं, आणि बाई भल्याभल्यांना नाही म्हणत असल्या तरी तिथे म्हणत नसत. तेव्हा चाकं काढून गाडी चार दिवस निवांत उभी करायची ती पौषातच.

मग थंडीशी सामना. पदर खोचलेला, वर वडलांचा जुना लोकरी कोट, पायात कॅनव्हासचे बूट. रंगाचा डबा कोटाच्या आत काखेत धरून अंगणात फेऱ्या मारायच्या, अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारख्या. कळसाडीहून कपाशीच्या काड्या आलेल्या असत. त्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पेटवून निखारे घमेल्यात भरायच्या आणि घमेलं लोखंडाजवळ धरून ठेवायच्या. कॅलिपरला हात लावला की तापाच्या माणसाच्या कपाळासारखा लागला पाहिजे, मगच ब्रश. एक पातळ हात. मग वाट पाहायची. पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. आता त्याच काड्यांवर भरताची वांगी भाजायची नाहीत तर काय करायचं? मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन जायची. उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून आम्ही जेवायचो. माझ्या आठवणीतला पौष म्हणजे हिरव्या वांग्याचा धूर आणि थिनरचा वास.

"मॅडम, तुमच्या पुण्यात हे सुख नही."

"पुण्यात बायका गाड्या गॅरेजात देतात, बाई."

"म्हनीसन तर पुन्यामा भरीत भेटत नही."

असं बरीच वर्षं चाललं. मग रुमाली आजारी पडली.

रुमाली आम्हा दोघींची विद्यार्थिनी. पावरा घरातली, सातपुड्यातल्या वरच्या गावाची, आमच्या इथे वसतिगृहात राहून दहावी झालेली. माझा इंग्रजीचा तास तिला आवडत नसे आणि ती तसं तोंडावर सांगे. पुढे गावी जाऊन अंगणवाडी सेविका झाली. पहिली मुलगी झाली तेव्हा दोघींसाठी पाटीभर आंबे घेऊन आली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर अंगात पाणी साठून जीव गुदमरायचा. तिच्या गावाहून त्या वेळेला पोचणारी एसटी नव्हती आणि रोजच्या गाडीभाड्याची तिची ऐपत नव्हती. नवऱ्याकडे मोटरसायकल होती, पण इतक्या लांबवर तिच्यावर बसून जाण्याइतकी ताकद तिच्यात उरत नसे.

बाईंना हे कळलं, आणि पुढच्या सोमवारी पहाटे त्यांची जीप घाट चढत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. मग दर सोमवार, दर गुरुवार. रुमाली पुढे बसायची, अंगावर बाईंची घोंगडी. परतीच्या वाटेवर मला कधी कधी दोघींचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा.

"बाई, तुमच्यापेक्षा बैलगाडी लवकर पोचली असती."

"मंग उतर अन् बैल शोध."

त्या वर्षी पौष आला. सवयीप्रमाणे बाईंनी चाकं काढली. पण आजाराला पौष नसतो. आधी गाडी लागेल तितके दिवस उभी राहायची. आता सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये जेवढं बसेल तेवढंच. त्यात थंडी अशी, की वर सातपुड्यात डाबच्या बाजूला गवतावर दव गोठल्याचं लोक सांगत होते. निखारे विझत होते, रंग चिकटच राहत होता. बुधवारी दुपारी बाईंनी बोट लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि तरीही दुसरा हात दिला. गुरुवारी गाडी न्यायची होती.

गुरुवारी भल्या पहाटे त्यांनी मला हाक मारली. गाडीच्या दोन्ही चाकांपाशी कंदील ठेवलेले. उजव्या बाजूचा रंग नीट होता. डाव्या कॅलिपरवर, बरोबर नळी जिथे जोडली जाते तिथे, रंग सुरकुतला होता.

"थंडीने झालं असेल," मी म्हटलं.

"असेल. किंवा तेलाने."

कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला त्यांनी उठवून आणलं होतं. तो मफलर गुंडाळून चाकापाशी बसला. त्याने जागा पुसली, बोट फिरवलं, बाईंना ब्रेक दाबायला लावला, पुन्हा बोट फिरवलं. "बाई, सुकं शे. थंडीनी सुरकुती शे ही. तुम्हीन घाई करी, दुसरं काही नही."

"शंभर टक्के?"

"खोलीसन दखाले लागी. त्याले दुपार व्हई जाई. पन मन्हं मन म्हनस, सुकं शे."

"घाटमा तू पुढे बठशी?"

मेस्त्री हसला. "बठसू ना. चला, आते निंघूत."

मला वाटलं, आता निघतील. पण बाई म्हणाल्या, "तू बठशी रे, तुन्ही मर्जी. पन उतरताना रुमाली बठेल ऱ्हाई. तिले कोन इचारी?"

"तिला विचारा की फोन करून," मी म्हटलं.

"ती नाही म्हणेल का, मॅडम? तिला दुसरं काय आहे? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारायचं नसतं."

मी तेव्हा पुष्कळ बोलले. आज गाडी गेली नाही तर काय होणार हे ठाऊक आहे आणि गेली तर काय होईल ही फक्त शंका आहे, असं म्हणाले. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात रुमालीच्या नवऱ्याचाच फोन आला. त्यांच्या घरी रेंज नसते, फाट्यावर येते. "बाई, फाट्यावर आलोय. रुमालीला शेकोटीपाशी बसवलंय."

"आज मन्ही गाडी येवाव नही," बाई म्हणाल्या. "ब्रेकची खात्री नाही. मी दुसरी गाडी पाठवते. तिथून हलू नकोस."

"बरं, बाई," तो म्हणाला.

दुसरी गाडी मिळायला वेळ लागला. जी मिळाली ती फाट्यावर पोचली तेव्हा तिथे फक्त राख होती. वाट पाहून पाहून रुमालीला धाप लागू लागली, म्हणून नवऱ्याने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं, लुगड्याने स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि म्हसावदचा रस्ता सोडून तळोद्याच्या बाजूच्या जवळच्या उताराने निघाला. फोन त्याच्या खिशात होता, पण मधल्या सगळ्या वाटेवर रेंज नव्हती. आम्ही दोघी एसटीने नंदुरबारला पोचलो आणि दवाखान्याच्या दारात उभ्या राहिलो. दुपार कलल्यावर ती मोटरसायकल आली. दोघांना एकमेकांपासून सोडवायला तिथल्या माणसांना गाठ कापावी लागली. रुमालीचे ओठ निळे होते. तिची वेळ टळली होती, यंत्रावर दुसरा रुग्ण होता. तिला आधी ऑक्सिजन लावला आणि यंत्र रिकामं होताच घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फुप्फुसात पाणी गेलंय. आज काहीच सांगता येणार नाही."

त्याच बाकावर बसलेल्या असताना मेस्त्रीचा फोन आला. बाईंनी तो माझ्या हाती दिला. "मॅडम, खोलीसन दखं. आत सगळं कोरडं. थंडीच व्हती. बाईले सांगा." मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग बराच वेळ त्या आपल्या नखांतला पांढरा रंग दुसऱ्या नखाने खरवडत बसल्या. समोरच्या भिंतीला टेकून रुमालीचा नवरा उभा होता. बाई उठून त्याच्यासमोर गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "मन्ही चूक व्हयनी. गाडी चांगली व्हती."

तो म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत असणार, बाई."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मले माहीत पाहिजे व्हतं."

रुमाली त्यातून वाचली. दोन दिवसांनी बोलू लागली. बाई पलंगापाशी उभ्या राहिल्या. रुमालीनेच सुरुवात केली. "बाई, मोटरसायकल नको. लई गारठा. सोमवारी गाडीच आणा."

सोमवारी बाई गेल्या. डाव्या कॅलिपरवरचा रंग खरवडून काढलेला होता.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. पोरीला घाटात मरायला सोडलं, असं काहींनी म्हटलं. म्हातारीचं डोकं फिरलंय, रंग पाहून गाडी चालवते, असं काहींनी. आज जे सांगतात ते यातूनच निघालेलं आहे. बाई मला एकदा म्हणाल्या, "न जाण्यात माझी चूक नव्हती, मॅडम. पौषात रंग लावण्यात होती. थंडीत रंग खोटं बोलतो हे मला माहीत होतं. लग्नासाठी मी गाडी मोकळी ठेवली आणि खोटं बोलणारा साक्षीदार नेमला." मी उद्या पुन्हा त्या अंगणात उभी राहिले तरी 'जा' असंच म्हणेन, आणि त्या जाणार नाहीत. यात कोण बरोबर, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

चैत्रात कळसाडीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. सख्ख्या भावाचा मुलगा. भाऊ स्वतः पत्रिका घेऊन आला. मी तिथेच होते. जीप अंगणात, पुढची चाकं काढलेली, ऊन असं की ब्रश कॅलिपरवर टेकताच रंग वाळत होता.

"आक्का, चाकं कव्हय लावशी? पोऱ्याले तुन्हीच गाडी पाहिजे."

"दोन हात बाकी शेत. मंग गुरुवारले रुमालीले लई जानं शे. गाडी भेटाव नही, भाऊ. आते कोनतंच लगीन नही."

"तुन्हा सख्खा भाचा शे तो!"

"म्हनीसन तर तोंडवर सांगी ऱ्हायनू. नवरदेवले कोनबी गाडी देई."

भाऊ पत्रिका चौथऱ्यावर ठेवून गेला. बाई लग्नाला एसटीने गेल्या, आहेर दिला, मांडवात बायकांमध्ये बसल्या. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. जेवून, दुपारच्या एसटीने परत आल्या. नंतर त्या घरून कपाशीच्या काड्या आल्या नाहीत, सणाला बोलावणं आलं नाही. माणसांची इतकी सवय असलेल्या त्या बाईंना दर चैत्रात रंग आणि दर सोमवारी-गुरुवारी घाट, एवढंच राहिलं.

मग त्यांचे गुडघे गेले. ब्रेकवर पाय दाबताना चेहरा आवळला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी रुमालीच्या नवऱ्याला बाजूला बसवलं आणि शिकवायला घेतलं. मी मागे बसून ते ऐकलं आहे. चढावर त्या एक शब्द बोलत नसत. माथ्यावर गाडी थांबवायला लावत, त्याच्याकडे वळून म्हणत, "आते शाळा सुरू." पहिल्या उतारावर त्याला इतका घाम फुटला की रुमाली मागून ओरडली, "बाई, हा मला मारेल!" बाई म्हणाल्या, "चूप बस. तो भ्यायेल शे, तेच बरं शे." मोसमभर त्याला उतरवलं, मग त्याच्या मागच्या सीटवर बसून एकदा नंदुरबारपर्यंत झोपून गेल्या. तीच त्याची परीक्षा होती, असं मला नंतर कळलं.

गेल्या थंडीत एका सकाळी बाई उठल्या नाहीत. कळसाडीहून भाऊ आला. सगळं त्यानेच केलं, नीट केलं. तेराव्यानंतर घराच्या किल्ल्या घेऊन जाताना जीपची किल्ली त्याने माझ्या ओट्यावर ठेवली. ती मी रुमालीच्या नवऱ्याला दिली. भावाला हे कळलं असणार. त्याने कधी विचारलं नाही.

आता जीप वरच्या गावात असते. तो कॅलिपर रंगवत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बाईंसारखं मला रंगातलं कळत नाही. मी प्रत्येक रविवारी चाक काढतो, पुसतो, बोट फिरवून बघतो." जुना पांढरा रंग बहुतेक उडाला आहे. शहाद्यातलं घर भावाने विकलं, अंगणात आता दुसऱ्यांची मोटार उभी असते.

रुमाली जिवंत आहे. काल गुरुवार होता, ती घाट उतरून गेली.

तुमची,
आजी